विसर्जन आटोपून गोझोला

या सहलीचा सर्वांत अवघड टप्पा युरोपात नव्हताच. ६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. घरचा गणपती बोळवून, मिरवणुकांमधून वाट काढत पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठताना घाम फुटला. आम्ही सात जण, सगळे कॉलेजचे. मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही, त्यामुळे आखातात विमान बदलून रविवारी दुपारी पोहोचलो.

माल्टा हा बेटांचा देश, आणि गोझो हे त्यातलं दुसरं, छोटं बेट. बहुतेक लोक मुख्य बेटावर राहून गोझो एका दिवसात उरकतात. आम्ही उलट केलं. मुक्काम गोझोला, आणि मुख्य बेटावरची राजधानी व्हॅलेटा एका दिवसात. गोझोला दगडी भिंतींची जुनी शेतघरं, पोहण्याच्या तलावासकट, आठवड्यासाठी भाड्याने मिळतात. सात जणांत भाडं वाटलं की हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं, आणि रात्री एकच्या गप्पांना कुणी हटकत नाही.

मुख्य बेटावरच्या चिर्केव्वाहून बोट साधारण पंचवीस मिनिटांत गोझोच्या इमजार बंदरात जाते. जाताना तिकीट विचारायला कुणी येत नाही. पैसे परतताना द्यायचे. रविवारी संध्याकाळी गोझोहून परतणाऱ्या गाड्यांची लांबच लांब रांग असते, तेव्हा परतीला तो वार टाळा. आम्ही उलट दिशेने होतो, म्हणून सुटलो.

गाडीची मात्र चूक केली. ‘सगळे एकत्र’ या हट्टापायी नऊ आसनी गाडी घेतली. गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे चालवायला आपल्याला सोपं. पण गोझोतल्या शाआरा गावातल्या बोळात आरसे मिटूनही गाडी अडकली आणि दाराला चुनखडीच्या भिंतीचा ओरखडा बसला. अनामत रकमेतून चांगलेच पैसे कापले गेले. दोन छोट्या गाड्या घ्या, ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडाम आवाजाने सगळे उठून बसलो. ८ सप्टेंबर, १५६५ चा तुर्कांचा वेढा उठल्याचा दिवस, माल्टात सुट्टी. आणि शाआराची ग्रामदेवता म्हणावी अशा बाल मारियेचा, म्हणजे येशूच्या आईच्या बालरूपाचा, उत्सव. त्याचेच ते बार. रस्त्यांवर पताका, चौकात बँड, संध्याकाळी खांद्यावरून निघालेली मूर्ती, वरून कागदाच्या चकत्यांचा पाऊस. आमच्यातला एक जण ढोलपथकातला. तो बँडच्या मागे असा काही चालू लागला की आम्हाला त्याला परत आणावं लागलं. दोनच दिवसांपूर्वी अलका टॉकीजच्या चौकात उभा असलेला माणूस तो! तेव्हा तारीख जुळवता आली तर जरूर जुळवा, फक्त दूध, अंडी, पाव आदल्या दिवशीच आणून ठेवा. आम्हाला गावातलं दुकान बंद मिळालं आणि सकाळचा चहा कोराच झाला.

शाआरातच जगान्तिया आहे. इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी, पाच हजार वर्षांपलीकडची दगडी मंदिरं. सकाळी लवकर जा, सावली फार नाही. व्हॅलेटाजवळचं हायपोजियम, म्हणजे जमिनीखालचं प्राचीन दफनस्थान, आमचं हुकलं, कारण तासाला जेमतेम दहा जणांनाच आत सोडतात. विमानाच्या तिकिटाआधी त्याचं तिकीट बघा, असं मी म्हणेन. त्याची भरपाई सेंट जॉन को-कॅथीड्रलमधल्या काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराच्या १६०८ च्या चित्राने केली.

मधल्या चिमुकल्या कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला आता आधी ऑनलाइन नोंदणी करून वेळ घ्यावी लागते. पाणी खरोखर निळं, पण गर्दी चौपाटीची. आम्हाला त्यापेक्षा समोरचं, गोझोच्या काठावरचं होंदॉक आवडलं. ‘होंदॉक’ म्हणजे आपला खंदकच! माल्टी भाषेचं मूळ अरबी, त्यामुळे जगालाही ते ‘दिन्या’ म्हणतात. किनारा खडकाळ आहे, पाण्यात घालायचे बूट न्या. समुद्र सप्टेंबरात छान कोमट असतो.

शाकाहारींनी घाबरू नये. वाटाण्याची किंवा रिकोटाची पास्तित्सी दोनेक युरोंच्या आत पोट भरते (पिठात चरबी आहे का, एवढं विचारा), आणि बिजिल्ला ही लसूण घातलेली कडधान्याची चटणी पावाबरोबर झकास. नळाचं पाणी चालतं, पण चव खारट. आम्ही बाटल्याच घेतल्या. प्लगला ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो.

आणखी एक, गटासाठी. रोज सगळ्यांनी सगळीकडे जायचा नियम आम्ही तिसऱ्या दिवशी मोडला. तिघं सायंकाळी मिठागरांकडे, दोघं किल्ल्यावर, दोघं तलावाकाठी झोपलेली. खर्चाला एकच वर्गणी आणि एकच खजिनदार. परतीच्या बोटीच्या खिडकीवर त्याने सात तिकिटं मागितली, तेव्हा वर्गणीत नेमके अकरा युरो उरले होते. कमी पडलेल्यासाठी त्याने स्वतःचं पाकीट काढलं, आणि ते पैसे तो अजून मागतोय.