घन, द्रव, अनिल

आमच्या गल्लीत सिलिंडरची गाडी येते, तिच्या मागच्या फळीवर कन्नडमध्ये ठळक लिहिलंय, 'अडुगे अनिल'. अडुगे म्हणजे स्वयंपाक, अनिल म्हणजे वायू. जन्म बेळगावातला, कन्नड पाट्या वाचतच लहानाची मोठी झाले, तरी ही पाटी बघितली की मला अजून हसू येतं. आमच्या पिढीत प्रत्येक वर्गात निदान एक अनिल असायचाच. शेजारच्या काकू तर गाडीचा आवाज आला की जिन्यातूनच हाक मारतात, "स्वयंपाकाचा अनिल आलाय गे, बुक काढून ठेव!"

वायूला अनिल म्हणण्यात चूक काही नाही. संस्कृतात अनिल म्हणजे वाराच. आपण त्याचं मुलाच्या बारशाला नाव ठेवलं, कन्नडनं त्याला विज्ञानाच्या पुस्तकात नेऊन बसवलं. पंचाईत होते ती माझी, कारण मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. पदार्थाच्या अवस्थांचा धडा आला की महाराष्ट्रातल्या चंदगडहून कोणाच्या तरी मामानं पाठवलेल्या गाईडातून 'स्थायू' येतो, गल्लीतल्या कन्नड शाळेच्या मित्राकडून 'घन' आणि 'अनिल' येतात, आणि टीव्हीवरून सॉलिड, लिक्विड, गॅस येतात ते वेगळेच. मी तिन्ही फळ्यावर लिहिते. मुलं कधी गोंधळत नाहीत. गोंधळतात ते वर्ग तपासायला येणारे साहेब.

यंदा हा धडा सुरू केला आणि पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला. "बाई, सिलिंडर हलवला की आत डुबुक डुबुक वाजतंय. मी हलवून बघितलो की. मग तो अनिल कसा?"

विचारणारी मुलगी होती. 'बघितलो' वाचून पुणेकरांनी दचकू नये, आमच्याकडे मुलीही आलो, गेलो, जेवलोच म्हणतात. पण प्रश्न अस्सल होता. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो माल असतो, तो प्रोपेन आणि ब्युटेनचा. मोकळ्या हवेत हे दोन्ही वायूच. पण दाबून दाबून भरले की द्रव होतात, म्हणून डुबुक. नळी उघडली, दाब सुटला की त्यांचा पुन्हा वायू. इथपर्यंत माल तोच, फक्त बसायची ऐसपैस जागा मिळाली. काडी लावली की मात्र गोष्ट बदलते. प्रोपेन राहत नाही, ब्युटेनही राहत नाही, उरतं ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पाणी कुठे दिसतंय, असं कोणीतरी विचारणारच. थंड पाण्यानं भरलेलं पातेलं शेगडीवर ठेवा आणि पहिल्या मिनिटात त्याचं बूड बघा. घाम फुटलेला असतो. आपण म्हणतो पातेलं ओलंच ठेवलं असेल. नाही, ते ज्योतीतून जन्मलेलं पाणी आहे. म्हणजे सिलिंडरपासून बर्नरवरच्या निळ्या ज्योतीपर्यंत, चार पावलांच्या आत, आधी भौतिक बदल आणि मग रासायनिक बदल. सगळा धडा एका शेगडीवर. उरलेला महिना मी कशाला शिकवते, असं त्या दिवशी वाटून गेलं.

पण पुस्तकाला तक्ता लागतो. दोन रकाने, मध्ये उभी रेघ. बर्फ वितळणे डावीकडे, लोखंड गंजणे उजवीकडे. रेघेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हा आम्हा सीमाभागातल्या लोकांचा 1956 पासूनचा विषय, त्यामुळे असे तक्ते आमच्या मुलांना भराभर भरता येतात. आणि तक्त्याखाली तो जुना नियम असतो : परत आणता येतो तो भौतिक बदल, परत येत नाही तो रासायनिक. मीही असंच शिकले, पंधराएक वर्षं असंच शिकवलं. आता हा नियम दिसला की माझं कपाळ चढतं.

त्याआधी भाषेची एक लढाई हरावी लागते. 'बर्फ विरघळला' असं मुलं लिहितात. मी खाली लाल शाई करते, 'वितळला'. साखर 'वितळली' लिहितात, मी 'विरघळली' करते. पुढच्या पेपरात पुन्हा तेच. एकदा रागानं कन्नडच्या बाईंकडे तक्रार नेली, तर त्या हसल्या. कन्नडमध्ये दोन्हींना एकच क्रियापद, 'करगु'. बर्फही करगतो, साखरही करगते, ऐकणाऱ्याचं मनही करगतं. मग आमच्या पोरांचा काय दोष? आणि खरं सांगायचं तर माझी आईसुद्धा 'बर्फ विरघळला'च म्हणते, आणि तिला कन्नड ओ की ठो येत नाही. उष्णतेनं एकटाच पदार्थ द्रव होतो ते वितळणं, दुसऱ्या द्रवात मिसळून दिसेनासा होतो ते विरघळणं. एवढा फरक भाषेनं कधी जपलाच नव्हता, विज्ञानानं तो नंतर बळेच आखून घेतला. तूप मात्र थिजतं. तिथे कोणी चुकत नाही. डिसेंबरातली बेळगावची सकाळ आणि बरणीतलं पांढरं, दाणेदार तूप ज्यानं बघितलंय, त्याला थिजणं शिकवावं लागत नाही.

तर तो नियम. त्याची पहिली खोडी काढली ती कुंद्यानं.

बेळगावात पाहुणा निघाला की पिशवीत कुंद्याचा डबा जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरी कुंदा करणारी माणसं मात्र आता थोडी. माझी आई करते. म्हशीचं दूध कढईत ओतायचं आणि आटवत बसायचं. दुधात 100 भागांपैकी 80 हून जास्त भाग पाणीच, ते आधी उडून जातं. मग चमचाभर दही. त्याच्या आंबटानं दूध फुटून बारीक कणी धरतं. दुसऱ्या शेगडीवर साखर कोरडीच तापवायची, ती पातळ होते, सोनेरी होते, तांबूस होते, आणि नेमकी कडू व्हायच्या आधी दुधात ओतायची. मग हात दुखेपर्यंत ढवळायचं.

एका दिवाळीला मी कढईशेजारी वहीच घेऊन बसले. पाणी उडालं, भौतिक. दूध फुटलं, रासायनिक. साखर पातळ झाली, भौतिक म्हणायला हात उचलला आणि थांबले, कारण ती नुसती वितळत नव्हती, रंग बदलत होती, मोडत होती. ती थंड करून पुन्हा पांढरी दाणेदार साखर मिळणार नाही. आणि दुधाचा तो तपकिरी रंग? दुधातली साखर आणि दुधातली प्रथिनं तापून एकमेकांत गुंततात, तेव्हा तो येतो. लुई-कामिय मायार नावाच्या फ्रेंच माणसानं 1912 साली हे पहिल्यांदा नीट मांडलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या कॉफीचा वास, सगळी तीच करामत. त्यानं बेळगावचा कुंदा खाल्ला नव्हता, एवढीच हळहळ.

मी आईला विचारलं, "बासुंदी कुठे संपली आणि कुंदा कुठे सुरू झाला, ते कसं कळतं तुला?"

"वास बघायचा," आई म्हणाली. "दुधाचा वास गेला की झाला. आणि तू ती वही बाजूला ठेव, बुडाला लागतंय."

वास बदलला म्हणजे काहीतरी नवीन तयार झालं, ही रासायनिक बदलाची खूण पुस्तकातही आहे, चौथ्या की पाचव्या ओळीत. आईनं ती पहिल्या ओळीत आणून ठेवली. पण माझी वही मात्र बिघडली. एकाच कढईत, एकाच आचेवर दोन्ही रकाने एकमेकांत गेले होते आणि मधली रेघ काढायला जागाच नव्हती.

मग मुलांना घेऊन हुक्केरीकडच्या एका गुऱ्हाळावर गेलो. सहल म्हणायची, खरी ओढ काकवीची. काहिलीत रस उकळत होता, वर आलेली मळी झाऱ्यानं काढणं चाललं होतं. 100 किलो उसाचा गूळ होतो जेमतेम 10 किलो, बाकी चिपाड आणि वाफ. गुळव्या अधूनमधून पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघत होता. मळी चिकटून वर यावी म्हणून भेंडीचा चीक घालतात, ते पोरांना माहीत होतं. पण त्यानं रसात चुन्याचं पाणी ओतलं तेव्हा सगळी पुढे सरकली. चुना कशाला? उसाचा रस थोडा आम्ल असतो, चुना ती आम्लता मारतो, नाहीतर उकळताना साखर फुटून गूळ चिकट होतो, नीट बसत नाही. आणि आम्ल-अल्कली जिथे भिडतात तिथे नवा पदार्थ, म्हणजे हाही उजवा रकाना.

"आमचा आजा तंबाखूला चुना लावतोय, ते पण ह्याच्यासाठीच काय, बाई?" निपाणीकडून आमच्या गावात शिकायला आलेल्या एका पोरानं विचारलं.

एवढं चांगलं उदाहरण, आणि वर्गात वापरायची चोरी. तंबाखूतलं निकोटिन आम्लाशी बांधलेलं असतं. चुना ते मोकळं करतो, म्हणून गालात धरल्या धरल्या चढतं. रासायनिक बदलच, तळहातावर, अंगठ्यानं मळलेला. मी त्याला खरं ते सांगितलं आणि पुढे म्हणाले, तोंडाच्या आतली कातडी भाजते ती त्याच चुन्यानं, हेही आज्याला सांग. सांगितलं असेल असं वाटत नाही.

पण चुना मुलांच्या डोक्यात बसला, आणि त्यानंच पुढे त्या जुन्या नियमाची वाट लावली. आमच्याकडे बागलकोटच्या बाजूला चुनखडी आहे. ती भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की 100 किलोतून 56 किलो कळीचा चुना उरतो, बाकीचे 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून आभाळात. कळीवर पाणी ओतलं की ती फसफसते, चटका बसेल एवढी तापते. दिवाळीआधी पिंपात चुना भिजवला की आम्हा पोरांना त्याच्या आसपास फिरकू द्यायचे नाहीत, ते याचसाठी. तो चुना भिंतीला लावला की वाळतो. निदान आपण वाळतो म्हणतो. खरं तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि काही आठवड्यांनी भिंतीवर जे उरतं ते पुन्हा चुनखडीच. भट्टीतून आभाळात गेलेलं सगळं दिवाळीच्या भिंतीवर परत आलेलं. तीन रासायनिक बदल, आणि माल फिरून मूळ ठिकाणी.

हे फळ्यावर काढलं तेव्हा वर्ग एक क्षण गप्प झाला. मग सिलिंडरवाली म्हणाली, "म्हणजे बाई, परत आलं की. मग हे भौतिक?"

"नाही."

"मग नियम चुकीचा?"

आणि लगेच खानापूरकडची एक उठली. तिच्या घरी चाक आहे. ती म्हणाली, कच्चं मडकं पावसात राहिलं तर सकाळी चिखल, त्याचं दुसरं मडकं होतं. भाजलेलं मडकं पावसाळाभर ठेवा, काही होत नाही. पण भाजलेलं मडकं हातातून पडलं तर? खापऱ्या परत मडकं होत नाहीत, म्हणून ते रासायनिक म्हणायचं काय? भाजताना मातीच्या कणांत बांधलेलं पाणी कायमचं निघून जातं, तो खरा रासायनिक बदल. फुटणं हा निव्वळ भौतिक बदल, आणि तरी परत न येणारा. तांदूळ दळले, कागद फाडला, काच फुटली, एकही परत येत नाही. मी फळ्यावरचा नियम पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं, 'माल तोच राहिला का?' परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा, असंही सांगितलं. माझा पगार त्यावरच आहे.

"पण भिंतीवर चुनखडीच आहे हे कशावरून?" शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारलं, नेहमीप्रमाणे.

आमच्या शाळेची जुनी इमारत चुन्याच्या गिलाव्याची आहे. मी खिडकीशेजारचा सुटलेला एक पोपडा काढला, डब्यातून लिंबाची फोड घेतली आणि वर दोन थेंब पिळले. बुडबुडे आले. चुरचुर असा बारीक आवाजही आला. लिंबाच्या आम्लानं चुनखडीतला तोच कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा केला होता. "अनिल सुटला!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, आणि तास संपला.

दुसऱ्या आठवड्यात हेडसर स्टाफरूममध्ये आले. जुन्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांशेजारचे पोपडे कोण काढतंय, भिंतीवर चिकट ओघळ कसले आहेत, आणि मधल्या सुट्टीनंतर वऱ्हांड्यात पिळलेल्या लिंबांच्या साली कशा काय सापडतात, असं त्यांनी विचारलं. मी चहा ढवळत राहिले. साखर अजून पूर्ण वितळली नव्हती.