आमची वाटचाल : दोन मिलिमीटरचा फरक

पुण्यात २०११ साली आम्ही संगणक जुळणी आणि दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा बहुतेक काम छापखान्यांतल्या आणि डीटीपी करणाऱ्यांच्या यंत्रांचे असे. जुन्या यंत्राचे प्रोसेसर बदलण्याचे काम आमच्याकडे प्रथम आणले ते माहितीपटांच्या एका संकलकांनी. त्यांच्याकडे २००९ चा, दोन प्रोसेसरांचा मॅक प्रो, म्हणजे ॲपलचा व्यावसायिक कामाचा संगणक, होता. यंत्र उत्तम स्थितीत होते, परंतु २.२६ गिगाहर्ट्झचे, चार-चार कोअरचे (गणना करणाऱ्या गाभ्यांचे) दोन झिऑन प्रोसेसर नव्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणापुढे कमी पडत होते. त्यांच्या जागी सहा कोअरचे, ३.४६ गिगाहर्ट्झचे एक्स५६९० झिऑन बसतात, मात्र त्याआधी फर्मवेअर, म्हणजे यंत्रातले मूलभूत सॉफ्टवेअर, २०१० च्या मॉडेलचे करून घ्यावे लागते, एवढे आम्हांला ठाऊक होते.

ध्यानात आली नव्हती ती उंची. त्या मॉडेलमधले प्रोसेसर धातूच्या टोपीविना असतात आणि सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, पकडही नसते. उष्णता शोषून घेणाऱ्या हीटसिंकचा दाबच प्रोसेसरला खालच्या १,३६६ पिनांवर टेकवून धरतो. बाजारात मिळणाऱ्या एक्स५६९० वर टोपी असते, त्यामुळे हीटसिंक सुमारे दोन मिलिमीटर वर राहतो. आम्ही स्क्रू नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत आवळले आणि पिनांवर जादा दाब आला. यंत्र सुरू झाले, पण रॅमच्या आठ पट्ट्यांपैकी सहाच दिसल्या. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे पिनांचा संपर्क बिघडला की बहुधा रॅमच नाहीशी होते. हीटसिंक उचलून भिंगातून पाहिले, तर सॉकेटच्या एका कडेच्या पिना आडव्या झाल्या होत्या. प्रोसेसर आणि सॉकेट ज्यावर असतात तो ट्रे आम्ही स्वखर्चाने बदलून दिला. त्या महिन्यात दुकानाचे भाडे उशिरा गेले, परंतु चूक आमची असताना दुसरा मार्ग आम्हांला मान्य नव्हता.

आता आम्ही वॉशर घालून ती उंची भरून काढतो, व्होल्टेज रेग्युलेटरवरचे (वीजदाब नियंत्रित करणाऱ्या भागांवरचे) थर्मल पॅड, म्हणजे उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, जाड घेतो आणि ॲलन कीने प्रत्येक स्क्रूला एका वेळी अर्धाच वेढा देतो. आठही पट्ट्या दिसल्यावर यंत्र रात्रभर पूर्ण भारावर चालवतो, कारण ८० वॉटच्या जागी १३० वॉटचा प्रोसेसर बसला की हीटसिंकमध्ये साचलेली धूळही महागात पडते.

या प्रोसेसरांत एव्हीएक्स, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करण्याची सोय, नाही, त्यामुळे काही नवी सॉफ्टवेअर त्यांवर चालतच नाहीत. म्हणून ग्राहक कोणते सॉफ्टवेअर वापरतात हे विचारल्याशिवाय आम्ही यंत्र उघडत नाही आणि उपयोग होणार नसेल तर काम घेत नाही. त्या संकलकांचा मॅक प्रो मात्र बारा कोअरवर अजून चालतो आहे. दर पावसाळ्यानंतर तो सफाईसाठी आमच्याकडे येतो.