मालकीणबाई असाव्यात

आमच्याकडे राहून गेलेल्या एका पाहुण्याने नेटवर रिव्ह्यू लिहिलाय. जेवण उत्तम, घावणे अप्रतिम, खोली स्वच्छ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. इथवर सगळं छान. आणि शेवटी, "रात्री दोन-अडीचला खोलीबाहेर कुणीतरी हळूहळू चालत होतं, दाराशी थांबलं, मग गेलं. मालकीणबाई असाव्यात. मिसेस घाबरली." चार स्टार.

चार स्टारचं मला काही नाही. म्हणजे आहे, पण ते वेगळं. काल सकाळी सायलीने फोनवर वाचून दाखवलं हसत हसत, मम्मी तू फेमस झालीस म्हणाली, मीही हसले, आणि मग दिवसभर भांडी घासताना, चादरी घड्या करताना, बाबूला मासळीचे पैसे देताना तेच डोक्यात. म्हणजे मी कोण झाले? त्यांच्या पोराला गाडी लागली तेव्हा ओवा आणि गरम पाणी घेऊन धावले ती मी नाही. जून-जुलैत सरकारी बंदी असते, होड्या समुद्रात जात नाहीत, तरी "सुरमई नाही का?" असं सहा वेळा विचारल्यावर सातव्यांदाही हसून खाडीतलं काय मिळतंय ते बघते म्हणाले, ती पण मी नाही. मी म्हणजे रात्री दाराशी उभी राहणारी बाई.

आता मी तिथे काय करत होते? लाईट गेली होती संध्याकाळपासून. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, पंप चालत नाही. टाकी तळाला गेलेली, म्हणून लाईट कधी येतेय ह्याची वाट बघत मी अर्धवट झोपेत, आली दोनला, उठून पंप लावला. आणि पंप लावायला उठलेच आहे तर पॅसेजची खिडकी बघू म्हटलं, झड आत येते आणि लादी निसरडी होते. हे सगळं सांगण्यासारखं आहे. पण दाराशी थांबले ते काही पंपासाठी नाही. मी टॉर्च खाली धरून उंबरठ्याच्या कडेला बघत होते. फुरसं. पावसात बाहेर पडतात, वीतभर असतं, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं, आणि माणूस अंधारात चप्पल शोधायला पाय टाकतो नेमका तिथेच. आक्का होत्या तेव्हा त्या कंदील घेऊन हेच करायच्या, त्यांना कुणी स्टार दिले नाहीत. पाहुणे असले की मी पण करते, झोपच लागत नाही त्याशिवाय. आजवर पॅसेजमध्ये कधी सापडलं नाही. वाडीत सापडतं.

तर आता रिप्लायमध्ये काय लिहू? "नमस्कार, आपल्या दाराशी मीच होते, विषारी साप शोधत होते"?

सगळ्यात लागलं ते हे की रहस्यकथांची वेडी ह्या घरात मीच. ह्यांना क्रिकेट, मला खून. पाहुणे पुस्तकं विसरून जातात, मी फोन करून विचारते, बहुतेक जण म्हणतात राहू द्या ताई तुम्हालाच, त्यातून एक अख्खं कपाट भरलंय. आणि त्यातली निम्मी अशीच, कुठलं तरी लॉज, कुठलं तरी गेस्टहाऊस, पाऊस नाहीतर बर्फ, रस्ता बंद, आणि एक मालक किंवा मालकीण जी जरा जास्तच गोड बोलते. इतकी वर्षं मी हे सगळं पाहुण्याच्या बाजूने वाचत आले, पांघरुणात पाय घेऊन. ह्या बाईच्या मनात काही तरी आहे बरं का, म्हणत. ती बाई दिवसभर काय करत असेल, हा विचार डोक्यातसुद्धा आला नव्हता. कालपासून दुसरं काही सुचत नाहीये.

रोआल्ड डाल्हची ती गोष्ट, १९५९ची, बाथ गावातली मालकीण, स्वस्तात खोली देणारी, पोरगा रजिस्टरमध्ये सही करायला जातो तर आधीची फक्त दोनच नावं, तीही जुनी. वाचताना अंगावर काटा येतो. आणि काल मला काय वाटलं, तर एवढ्या वर्षांत दोन पाहुणे, ह्या बाईचं भागतं कसं? कमिशनवाल्या साइटवर तरी आहे का ती? आणि शिवाय रजिस्टर मागितलं म्हणून बाई संशयास्पद, तर मग आम्ही काय करायचं? आम्हाला पोलीस सांगतात नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, ओळखपत्राची झेरॉक्स. परदेशी पाहुणा आला की फॉर्म सी, चोवीस तासांत ऑनलाईन, तेही इथलं नेट, गच्चीवर जाऊन फोन वर धरून. २०२२च्या मे महिन्यात तर आधारवाल्यांच्या बंगळुरू ऑफिसने पत्रकच काढलेलं की हॉटेलवगैरेंना आधारची कॉपी देऊ नका, आणि दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, पण ते पहिलं पत्रक अजून व्हॉट्सअॅपवर फिरतंय आणि लोक माझ्याकडे असं बघतात की जणू मी त्यांच्या नावावर कर्ज काढणार आहे. तुम्ही माझ्या घरात झोपणार, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि संशय माझा.

एकदा ऐन पावसात एक माणूस एकटाच आला होता, सामान जवळजवळ नाही, हे पुण्याला गेलेले. त्याच्याबद्दल मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. बरा निघाला, काही झालं नाही. पण ती रात्र. जाऊ दे.

पाहुण्यांना मागची खोली पण हवी असते. तिला कुलूप का? आत काय आहे? आणि आमचं घर जुनं, जांभ्याचं, माजघर काळोखी, त्यामुळे २०१६ला ती 'रात्रीस खेळ चाले' लागल्यापासून आलेला प्रत्येक दुसरा माणूस पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणतो, अरे सेम सिरियलसारखं! ती सिरियल तिकडे खाली सावंतवाडीजवळ आकेरीला शूट झाली, आम्ही दापोली तालुक्यात, पण मुंबईहून बघितलं की सगळं कोकण एकच, आणि सगळ्या वाड्यांत कुणीतरी विहिरीत पडलेलंच असतं. मागच्या खोलीत गाद्या आहेत. जास्तीच्या गाद्या, उशा, डांबरगोळ्या, आणि आक्कांचा पलंग. तो हलवायचा राहिलाय. राहिलाय म्हणजे, हे म्हणतात दिवाळीनंतर बघू. दर वर्षी.

हिचकॉकचा तो पिक्चर पण काल आठवला, सायको, १९६०चा. सगळ्यांना त्यातली ती अंघोळ लक्षात असते. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच आलं. नवा हायवे दुसरीकडून गेलाय म्हणून त्या मोटेलला गिऱ्हाईक नाही, बारा खोल्या आणि बाराही रिकाम्या, आणि तरीही तो नॉर्मन दर आठवड्याला सगळ्या पलंगांवरच्या चादरी बदलतो, कुणी झोपलेलं असो नसो, कारण त्याला दमट वास सहन होत नाही. हे आठवलं आणि मला त्या खुनी माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली हो. कारण मी काल तेच करत होते! खोली नंबर तीन गेले पंधरा दिवस रिकामी, तरी चादर काढली, धुतली, पावसात वाळत नाही म्हणून पडवीत दोरीवर, मग पंख्याखाली, मग शेवटी इस्त्री फिरवून फिरवून सुकवली, कारण कोकणात जुलै महिन्यात बंद खोलीला जो वास येतो तो एकदा भिंतीत बसला की गणपतीपर्यंत जात नाही. बुरशी तर चपलेच्या पट्ट्यावर, देव्हाऱ्यातल्या पोथीवर, रिमोटवरसुद्धा. त्याच्या बिचाऱ्याच्या वेडात एवढं एक शहाणपण होतं आणि ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

इथे मला हसू यायला लागलं, खरं सांगते. एकटीच इस्त्री धरून हसत होते, नंदू दारातून बघून परत गेला. म्हणजे त्याचंही आता पक्कं झालं असणार.

आणि अगाथा ख्रिस्तीबाईंचं ते नाटक, माउसट्रॅप, लंडनला नोव्हेंबर १९५२पासून चालू आहे. नुकतंच गेस्टहाऊस उघडलेलं तरुण जोडपं, अनुभव शून्य, पहिलेच पाहुणे, बर्फाने रस्ता बंद, आणि एक पोलीस चक्क स्कीवरून घसरत येतो. शेवट सांगायचा नाही अशी तिथे प्रेक्षकांना विनंती करतात म्हणून मी पण सांगत नाही. पण त्या दोघांची दया येते मला. धंद्याचा पहिला दिवस, आणि घरात पोलीस. रस्ता बंद झालेल्या घरात पाहुण्यांना दोन वेळचं गरम जेवण द्यायचं म्हणजे काय, ह्यावर खरं तर वेगळं नाटक होईल. आमच्याकडे २०२०ला ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रस्त्यांवर झाडं आडवी, फोन बंद, लाईट तर कित्येक आठवडे नाही, सगळा सेट तयार होता. फक्त लॉकडाऊनमुळे घरात पाहुणेच नव्हते. तिकडे लंडनचं ते नाटकही तेव्हा बंदच होतं कोरोनामुळे. वाडीत सकाळी गेलो तेव्हा पोफळी... त्याचं नको आत्ता.

तर रिप्लाय. रात्री जेवताना सगळ्यांचे सल्ले. हे म्हणाले काही लिहू नकोस, चार दिवसांत खाली जाईल. सायली म्हणते, "अंधारात आमच्या पाहुण्यांची काळजी घेतली जाते" असं लिही आणि एक स्मायली टाक, म्हणजे तर बघायलाच नको. नंदूचं म्हणणं पॅसेजमध्ये सेन्सरवाला दिवा लावा, माणूस गेलं की आपोआप लागतो. दिवा आणूया, चांगला आहे विचार, पण लाईट गेल्यावर तो काय करणार? आणि मध्यरात्री दाराच्या फटीतून एकदम उजेड आला तर त्या मिसेसचं काय होईल?

खरं कारण लिहायची सोय नाही. फुरसं हा शब्द एकदा त्या पानावर आला की पावसाळ्यात माझ्याकडे कुत्रं फिरकणार नाही, शेजारच्या दोन घरांचंही नुकसान, वरच्या आळीतल्या काकू तर माझ्याशी बोलायच्या बंद होतील. संशयी बाई रात्री फिरते म्हटलं तर निदान एक-दोघं हौसेने येतील. सापापेक्षा खुनी मालकीण परवडली. म्हणून शेवटी लिहिलं, "आपण आलात, आनंद झाला. पाण्याचा पंप लावायला उठले होते, वहिनींची झोपमोड झाली त्याबद्दल क्षमस्व. पुढच्या वेळी मार्चमध्ये या, कासवांची पिल्लं बघायला मिळतात." पूर्ण खरं नाही, खोटंही नाही.

पोस्ट केल्यावर बरं वाटलं का? अर्धं. अजूनही वाटतं त्या बाईने दार उघडून विचारायला हवं होतं, काय हो ताई, काय शोधताय. मी चहा केला असता. पण मग मला सांगावं लागलं असतं, आणि ती पहाटेच निघाली असती, आणि चार स्टारही गेले असते, त्यामुळे.

सध्या वाचतेय ते पण एका गेस्टहाऊसचंच निघालं, आधी कळलं असतं तर उघडलं नसतं. अर्ध्यावर आलेय. डोंगरातलं घर, आठ पाहुणे, दोघं मेलेत, सगळ्यांचा संशय मालकावर. मी ह्या वेळी ठामपणे मालकाच्या बाजूने आहे. आठ माणसांचा नाश्ता तो एकटा करतोय, मदतीला कुणी नाही, आणि लेखकाने त्याला रात्री तीन वाजता जिन्यावर चढवलाय. झोपतो कधी हा माणूस? आणि त्या दोन मेलेल्यांच्या खोल्यांचं बिल कुणाकडून घ्यायचं, ह्यावर अजून एक ओळ नाही.