बाबा पुलाला शाब्बास म्हणाले

बाबा काल परत गेले. घर मोकळं मोकळं झालंय, पण डोक्यातून इथलं, इंग्लंडमधलं कॉंगल्टन गाव काही जात नाहीये.

मॅकल्सफील्ड कनालवरचा तो लॅम्बर्ट्स लेनचा दगडी पूल, नेहमीचा वॉकचा. बाबा भिंतीवर तळहात टेकवून हळूहळू चढत होते, मला वाटलं दम लागला, तर म्हणाले, "अगं, कोपरा शोधतोय. कोपराच ठेवला नाहीये कुठे, बघ तरी." मग समजावत बसले, की इथे बोट ओढणाऱ्या घोड्याची वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते, घोडा पुलावर चढणार, पलीकडे गोल वळसा घेत उतरणार आणि त्याच कमानीखालून पुढे निघणार, म्हणजे बोटीचा दोर सोडायलाच नको, आणि तो दोर भिंतीवरून घसटत जाणार, अडकू नये म्हणून दगडच वळणाचे घडवलेत. कनाल सुरू झाला १८३१ ला. आदल्याच वर्षी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावायला लागलेली, तरी घोड्याच्या एका दोरासाठी एवढा जीव लावला! आणि कमानीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास."

मला रडूच यायला लागलं. दहावीला नाही, नोकरीला नाही, हे घर घेतलं तेव्हा "हप्ता किती?" एवढंच. आईच्या वर्षश्राद्धाला मी एकटीने सगळं... जाऊ दे. शाब्बास म्हणाले ते कुणाला, तर पुलाला. दगडाला! रात्री कूस बदलत तेच, सकाळी चहा टाकताना परत तेच.

दुपारी त्यांच्या खोलीतली चादर काढत होते तेव्हा वाटलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर उन्हातान्हात आयुष्य काढलं या माणसाने, त्यांना तरी कोण म्हणालं होतं? मॅकल्सफील्ड कनालचा सर्व्हे टेलफर्डचा, इंजिनियर क्रॉस्ली, ही नावं राहिली. दगड घडवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. बाबांची थाप त्याला होती. आणि एवढं भरभरून ते सांगत कुणाला होते, तर मला. सुट्टीत कालव्याच्या गेटवर न्यायचे तेव्हाही असंच बोलायचे, तासन्‌तास. घरी आले की गप्प.

तरी एकदा म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, ते वाटतंच.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना याच कनालवरच्या बॉस्लीला नेणार आहे. बोटी वर-खाली नेणारे सलग बारा लॉक आहेत तिथे, सगळे दगडी. गुडघे साथ देतायत का तेवढं आज फोनवर विचारते.