पॅकेट फिल्टर: टीव्हीच्या नियमात आईचा फोन का अडकत होता ते सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! घरच्या नेटवर्कसाठी मी स्वतः लिहितोय त्या पॅकेट फिल्टरमध्ये (कुठला डेटा जाऊ द्यायचा, कुठला अडवायचा ते ठरवणारा प्रोग्राम) टीव्हीच्या आयपीव्ही६ ॲड्रेसला (१२८ बिटांचा नेटवर्क पत्ता) ब्लॉक केलं की आईचा फोनपण बंद पडत होता, त्यासाठी मी तीन रात्री स्टेट टेबल (चालू कनेक्शनची नोंद) खोदत बसलो आणि तिथे काहीच नव्हतं, चूक होती ॲड्रेस जुळवणाऱ्या मॅक्रोत (कोडचा नाव दिलेला छोटा तुकडा).

ॲड्रेस मी पीएफसारखेच ठेवलेत (ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००१ पासून असलेला पॅकेट फिल्टर, त्याचा कोड वाचूनच शिकतोय), युनियनमध्ये (एकच जागा वेगवेगळ्या प्रकारे वाचता येते ती रचना) ३२ बिटांचे चार वर्ड, म्हणजे तुकडे, आयपीव्ही४ (जुना ३२ बिटांचा ॲड्रेस) असेल तर पहिलाच बघायचा, आयपीव्ही६ ला चारही. "सारखे आहेत का" वाला मॅक्रो बरोबर होता. "वेगळे आहेत का" वाला त्यावरूनच कॉपी केला, == (सारखं) चं != (वेगळं) केलं, पण मधले && ("आणि") तसेच राहिले, तिथे || ("किंवा") हवं होतं! म्हणजे चारही वर्ड वेगळे असले तरच ॲड्रेस वेगळा, नाहीतर नियम लागू. आता घरातल्या सगळ्या डिव्हाइसना एकच /६४ प्रीफिक्स (ॲड्रेसचे पहिले ६४ बिट), म्हणून पहिले दोन वर्ड कायम सारखेच, मग टीव्ही काय नि फोन काय, फिल्टरला सगळे एकच.

मला जास्त लागलं ते टेस्टचं. ॲड्रेसच्या दहा हजार रँडम जोड्या, सगळ्या पास होत होत्या. रँडम ॲड्रेसचे चारही वर्ड जवळपास नेहमीच वेगळे निघतात, त्यामुळे && असू दे नाहीतर ||, उत्तर तेच. आता नवीन टेस्ट अशी, एक ॲड्रेस घ्यायचा, त्यातला एकच बिट उलटा करायचा आणि मूळ ॲड्रेसशी ताडून बघायचा, असं १२८ वेळा. जुन्या कोडवर १२८ च्या १२८ फेल, || टाकल्यावर एकही नाही. ती हिरवी ओळ बघून काय बरं वाटलं सांगू!

त्याच ओघात ॲड्रेस दिलेल्या दोन टोकांच्या मधे बसतो का ते बघणारी रेंजपण तपासली. १९२.१६८.१.२५० ते १९२.१६८.२.१० या रेंजमध्ये एकही ॲड्रेस बसत नव्हता, कारण बाइट नेटवर्क ऑर्डरमध्ये (मोठा बाइट आधी) असताना मी x८६ प्रोसेसरवर, जो लहान बाइट आधी धरतो, थेट आकडे म्हणून ताडत होतो, मग सुरुवातच शेवटापेक्षा मोठी ठरते. म्हणून तिथे memcmp (पहिल्यापासून एकेक बाइट ताडणारं सी भाषेतलं फंक्शन) लावलं, आयपीव्ही४ ला ४ बाइट, आयपीव्ही६ ला १६.

आता मास्क (ॲड्रेसचे पहिले किती बिट ताडायचे ते सांगणारा) उरलाय. /५६ वर्डच्या मधेच तुटतो, तिथे पहिल्या ५६ पैकी कुठलाही बिट उलटला तर "वेगळा" यायला हवं आणि उरलेल्या ७२ पैकी उलटला तर "सारखा", आज रात्री तेच चालवतोय.