कीर नेमके कोणाचे?

चरित्रांविषयी कुठेही बोलायला गेलं की शेवटी हा प्रश्न येतोच. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न असा, की सावरकरांचं चरित्र लिहिणारा माणूस आंबेडकरांचं, फुल्यांचं आणि शाहू महाराजांचंही चरित्र लिहितो, हे कसं काय? धनंजय कीर नेमके कोणत्या बाजूचे?

प्रश्नात थोडा संशय असतो आणि तो मी समजू शकतो. आज ही नावं वेगवेगळ्या मिरवणुकांत दिसतात. एकाचा फोटो असेल तिथे दुसऱ्याचा नसतो. त्यामुळे सगळ्यांवर लिहिणारा माणूस एकतर सगळ्यांना खूश ठेवणारा असणार किंवा पोटात काहीतरी ठेवून लिहिणारा, असं वाटतं. मी ही चरित्रं पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, आणि मला दोन्ही खरं वाटत नाही.

कीर रत्नागिरीचे, जन्म 1913चा. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराने सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर तिथे 1931 साली उभं राहिलं. म्हणजे कीरांची शाळकरी आणि उमेदीची वर्षं त्याच गावात, त्याच काळात गेली. सावरकरांविषयी त्यांना ओढ होती आणि ती त्यांनी लपवली नाही. पुढे ते मुंबईला आले, महापालिकेच्या शिक्षण खात्यात नोकरीला लागले आणि नोकरी सांभाळून लिहू लागले. इतिहासाचे प्राध्यापक वगैरे ते नव्हते. आधी इंग्रजीत लिहिलं, आणि ते फार बरं झालं, कारण महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी वाचकांना आपली ही माणसं त्यामुळे सलग वाचायला मिळाली.

आता सनावळीकडे बघा, कारण माझं उत्तर तिथेच आहे. सावरकरांचं चरित्र आलं 1950 साली. गांधीहत्येच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दिवसांत त्यांचं नाव घेणंही अनेकांना अवघड जात होतं. आंबेडकरांचं चरित्र आलं 1954 साली. बाबासाहेब 1951मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते, 1952ची लोकसभा निवडणूक मुंबईत हरले होते, आणि 1954मध्येच भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. सत्तेच्या जवळ जाऊ पाहणारा माणूस त्या वर्षी हा विषय निवडणार नाही. मग 1959ला टिळक, 1964ला फुले, 1973ला गांधी, 1976ला शाहू छत्रपती. फुल्यांचं चरित्र मराठीत पंढरीनाथ पाटलांनी 1927 सालीच लिहिलं होतं, तो मान त्यांचाच. पण कीर चरित्र लिहून थांबले नाहीत. स. गं. मालशे यांच्यासोबत त्यांनी फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं आणि 1969 साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने ते छापलं. आज फुले मुळातून वाचणारा प्रत्येकजण त्या कामाचा ऋणी आहे. स्वतःचं चरित्र बाजूला ठेवून नायकाचा शब्द वाचकाच्या हातात देणं, हे प्रत्येक चरित्रकाराला सुचत नाही.

आंबेडकरांचं चरित्र उघडलंत तर पहिलं प्रकरण जन्मापासून सुरू होत नाही. त्याचं नावच ‘पंचवीस शतकं’ या अर्थाचं आहे. अस्पृश्यतेचा मागचा सगळा इतिहास आधी येतो, मग महूचं लष्करी ठाणं आणि रामजी सुभेदारांचं घर. पानाच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रांच्या तारखा येत राहतात. आणि हे लिहिलं जात असताना नायक हयात होता, विरोधक हयात होते, चवदार तळ्याचं पाणी प्यालेली माणसं हयात होती. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कोणीही दारात येऊन उभं राहू शकलं असतं. नागपूरचं धर्मांतर आणि महापरिनिर्वाण अर्थातच पुढच्या आवृत्तीत आलं.

बाजू ताडून पाहायची तर माझा सल्ला असा, की एक प्रसंग घ्या आणि तो दोन चरित्रांत वाचा. वेदोक्ताचं प्रकरण घ्या. कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेवर पुरोहिताने शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हटले, कारण त्याच्या लेखी महाराज शूद्र. त्यातून जे पेटलं त्यात राजोपाध्यांची इनामं गेली, आणि 1901 साली टिळकांनी ‘केसरी’तून वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिलं. टिळकांचं चरित्र लिहिणाऱ्याला हे अडचणीचं, शाहूंचं लिहिणाऱ्याला सोयीचं. कीरांनी दोन्ही लिहिली. तसंच 1882चं कोल्हापूर प्रकरण, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांवर केलेल्या लिखाणावरून ‘केसरी’-‘मराठा’वर झालेला बदनामीचा खटला. टिळक-आगरकर तेव्हा डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. खटल्याच्या वेळी त्यांच्या जामिनाचे दहा हजार रुपये भरले ते फुल्यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी. येरवड्याचा 1932चा करार आंबेडकरांच्या आयुष्यातला आणि गांधींच्याही. माणगावच्या 1920च्या परिषदेत शाहू महाराज तरुण आंबेडकरांना पुढारी म्हणून पुढे करतात. ही सगळी माणसं एकमेकांच्या आयुष्यात सतत ये-जा करत होती. भांडत होती, जामीन राहत होती, करारावर सह्या करत होती. एकाच लेखकाने त्यांच्यावर लिहिलं हे आपल्याला विचित्र वाटतं, कारण आपण त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं आहे.

कीरांच्या लेखनात उणिवा आहेत. भाषा पुष्कळदा चढ्या सुरात जाते, विशेषणांची गर्दी होते, नायकाला कुणाचा तरी ‘जनक’ ठरवण्याची घाई दिसते. गांधींवर लिहिताना हात जड झालाय असं मला वाटतं. सावित्रीबाईंना आज आपण देऊ तेवढी जागा फुल्यांच्या चरित्रात नाही. पुढच्या अभ्यासकांनी पुष्कळ कागद शोधले, काही गोष्टी दुरुस्त केल्या. आंबेडकरांविषयी बारीकसारीक तपशील हवे असतील तर चां. भ. खैरमोड्यांच्या खंडांना पर्याय नाही. पण एका बैठकीला एक आयुष्य सलग डोळ्यांपुढे उभं करायचं, आणि वाचकाला पानाच्या तळाशी तारीख देऊन ठेवायची, यात कीरांचा हात धरणारे आपल्याकडे थोडे आहेत. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा गांधी आणि शाहू अजून यायचे होते.

तर ते कोणाचे? ज्याचं आयुष्य हातात घेतलं त्याचे, ते पुस्तक पुरं होईपर्यंत. नंतर ते त्याच्या विरोधकाच्या घरी जाऊन बसले आणि तितक्याच निष्ठेने त्याचे कागद वाचू लागले.

तुम्ही सुरुवात कुठून करू असंही विचारलं होतंत. फुल्यांपासून करा. मग टिळक आणि शाहू एकापाठोपाठ एक, मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका, म्हणजे वेदोक्ताची पानं ताजी राहतील. आंबेडकर त्यानंतर, आणि लगेच गांधी. सावरकर कधीही वाचा, पण 1950 साल ध्यानात ठेवून वाचा.