एका झाडाचे किती घेता?

नागपुरात काटोल रोडला आमची नर्सरी आहे. रोपं विकता विकता बागांची देखभाल मागे लागली आणि देखभालीतून झाडं छाटायची, उतरवायची कामं. एप्रिल लागला की त्याचे फोन सुरू होतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की ज्या गुलमोहराखाली गाडी लावायला घरात भांडणं होतात, तोच गुलमोहर पहिल्या वादळात गाडीवर येईल अशी धास्ती त्याच घराला वाटते. धास्ती चुकीची नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. पण फोनवरचा पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: "भाऊ, एका झाडाचे किती घेता?"

फोनवर मी आकडा सांगत नाही. लोकांना वाटतं भाव वाढवायचा डाव आहे. खरं म्हणजे झाडाच्या उंचीवरून किंमत निघतच नाही. हुडकेश्वरकडे मोकळ्या प्लॉटवर उभा तीस फुटी गुलमोहर बुडातून कापायचा, दोर बांधून हव्या त्या बाजूला ओढायचा आणि जमिनीवर तुकडे करायचे, की काम संपलं. तेवढाच गुलमोहर धरमपेठेत दोन बंगल्यांच्या मधल्या पट्टीत असेल, एका बाजूला शेजाऱ्याचं टिनाचं शेड, दुसऱ्या बाजूला गच्चीवरचे सोलर पॅनल आणि समोरून 11 केव्हीची लाईन, तर त्याचा एकेक तुकडा दोरावर उतरवावा लागतो. लाईनजवळ असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय माणूस वर जात नाही. पहिल्या कामाचे पाच हजार झाले तर दुसऱ्याचे पंचवीस होऊ शकतात.

हे गणित मला आमच्या मामांनी शिकवलं. मामा गोंदियाकडचे, वय पन्नाशीच्या आतबाहेर, आमचे चढणारे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. साईटवर गेलं की मी वर बघायचो, ते खाली बघायचे. "झाड मंग पाहू जी. पहिले खाली काय काय आहे थे पाहू द्या." मग झाडाभोवती एक चक्कर, कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोके. पोकळ खोडाचा आवाज वेगळा येतो, तो आता मलाही कळतो. बुडाशी कुत्र्याच्या छत्रीसारखी किंवा कडक, फळीसारखी बुरशी दिसली की मामा चढायचं नाव काढत नाहीत. शेंड्यात आग्या मोहोळ आहे का, घरटी आहेत का, वाळका फाटा कुठे अडकून बसलाय, हे सगळं झाल्यावर मग "किती फांद्या दोरावर?" हा खरा प्रश्न. माझ्या वहीत आता झाडाच्या नावापुढे हाच आकडा असतो.

दोरावर उतरवण्याचे पैसे का जास्त, हे गिऱ्हाइकाला पटवायला मी वजन सांगतो. ओल्या लाकडाचा एक फूट जाडीचा, तीन फूट लांब तुकडा साठ किलोच्या आसपास भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट, म्हणजे अडीचशे किलोच्या घरात. तेवढा ऐवज पंचवीस फुटांवरून शेडवर आला तर शेडचं काय होईल ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रतापनगरच्या एका सोसायटीत कडुनिंबाचं काम होतं. रीतीप्रमाणे तीन कोटेशनं मागवलेली. सगळ्यात स्वस्त 9,000, माझं 22,000. सेक्रेटरी काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मला खुर्ची दिली.

"बसा. हे काय आहे?"

मी आकडे फोडूनच नेले होते. ट्रॉलीच्या दोन खेपा, भरणं-उतरवणं धरून 4,000. दोर धरणारा आणि दोन हेल्पर मिळून 2,700. झाड कापायच्या मशीनचं, म्हणजे चेनसॉचं पेट्रोल, ऑइल, चेन, दोर-बेल्टची झीज 2,300. विमा आणि परवानगीची धावपळ 1,800. चढणाऱ्याचे 4,500. उरलेले 6,700 माझे, त्यातच नर्सरीचा फोन, गाडी आणि काम न मिळालेल्या पाहण्या.

काकांचं बोट चढणाऱ्यावर थांबलं. "एका दिवसाची रोजी साडेचार हजार? आमच्या मुलाला इंजिनिअर होऊन एवढे मिळत नाहीत."

मी म्हटलं, काका, मुलगा पंचवीस फुटांवर एका हाताने मशीन चालवतो का? ते हसले, पण बोट हटलं नाही. मग त्यांना 9,000 वाल्याच्या कागदावर काय नाही ते दाखवलं: फांद्या उचलून नेण्याचं नाव नाही, विमा नाही, आणि "झाड छाटणे, एक नग" एवढंच लिहिलेलं. कुठून छाटणार, किती छाटणार, काही नाही. अशा कामात बहुतेक वेळा शेंडाच उडवतात. झाड चार दिवस बोडकं दिसतं, नंतर त्या थोट्यांतून कमकुवत धुमारे झुबक्याने फुटतात आणि काही वर्षांनी तेच वादळात मोडतात. म्हणजे पुन्हा कोटेशन.

शेवटी तडजोड ट्रॉलीवर झाली. ओंडके सोसायटीने ठेवून घेतले, चौकीदाराच्या ओळखीतला माणूस नेणार होता. एक खेप वाचली, 2,000 कमी झाले. मामांची ओळ मी हलू दिली नाही.

ती ओळ कागदावर आली कशी, ते सांगायला पाहिजे. पूर्वी मामा रोजीवर होते, 1,200. हेल्परला तेव्हा 500. एका दुसऱ्या ठेकेदाराने त्यांना 1,500 सांगितले आणि मामांनी ते लपवलं नाही, चहा पिता पिताच सांगितलं. मी 1,500 करू शकलो असतो आणि विषय मिटला असता. पण त्या संध्याकाळी हजेरीची वही उघडली तर वेगळंच दिसलं. जी कामं दुसरा चढणारा दोन दिवसांत करायचा, ती मामा दुपारच्या जेवणाआधी संपवायचे. म्हणजे हात जितका साफ, तितकी हजेरी कमी. ठेक्याचे पैसे मला तेवढेच, ट्रॉली एका दिवसात मोकळी, हेल्परची दुसऱ्या दिवसाची रोजी वाचलेली, आणि हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याला एक रोजी. रोजीचा दर वाढवून हा हिशेब सुटत नाही.

म्हणून दर कामावर आणला. बिलातून लाकूड-कचरा वाहतुकीचे पैसे वजा करायचे आणि उरलेल्याचा चौथा हिस्सा चढणाऱ्याचा. प्रतापनगरच्या कोटेशनात 22,000 मधून 4,000 गेले, 18,000 चे 4,500. बोलावलं आणि पाऊस आला, परवानगी अडकली, गिऱ्हाइकाने गेट उघडलं नाही, तरी 1,500 नक्की. आणि मामांनी झाड पाहून "नाही चढत" म्हटलं तरी तेच 1,500, वर एक शब्द नाही. ही शेवटची अट त्यांनी घातली नव्हती, मी घातली. नकार देणाऱ्याची रोजी बुडाली तर नकार देणारच कोण?

या पद्धतीत एक खोच आहे. बिल मोठं तर हिस्सा मोठा, त्यामुळे पाहणीला गेल्यावर मामांना हल्ली जास्त फांद्या दोरावर दिसतात. मी एकदा तसं बोललो. म्हणाले, "मंग तुमीच चढून पाहा ना जी." आता दोघं मिळून मोजतो आणि वाद झालाच तर आकडा त्यांचा धरतो.

त्यांचं काम बघितलं की वादाची हौसही राहत नाही. प्रतापनगरच्या त्या कडुनिंबाची टिनाच्या शेडवर आलेली फांदी मांडीएवढी जाड होती. आधी दोर फांदीवर, मग वरच्या मजबूत दुबेळक्यातून खाली, आणि खालच्या माणसाने खोडाला दोन वेढे देऊन टोक धरलेलं. वेढ्यांच्या घर्षणामुळेच एक माणूस तेवढं वजन सांभाळू शकतो. मामांनी पहिला काप खालून दिला, एक तृतीयांशाच्या आत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. खालचा काप नसता तर फांदी लवताना खोडाची साल हातभर सोलत गेली असती. कडकन् आवाज झाला, फांदी हातभर खाली बसली आणि दोरावर लटकली. "दे... दे... थांब. फिरव. आता सोड." खालचा पोरगा दोर सोडत गेला, टिनाला पानंसुद्धा लागली नाहीत. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापात, फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या लगत बाहेरून. खोडाला चिकटवून सपाट कापलं तर जखम मोठी होते आणि नीट भरत नाही. गिऱ्हाइकाला मात्र सपाटच हवं असतं, "साफ दिसतं" म्हणून.

परवानगीबद्दल थोडक्यात. शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त आडवं पाडणं नव्हे. कापणं, जाळणं, कशीही इजा करणंही त्यातच येतं. त्यामुळे अर्ज मनपाच्या उद्यान विभागात जातो. 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात, तिथे तर घाई चालतच नाही. "रविवारी पहाटे उरकून टाका ना" असं म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. दंड झाला तर तो भरेल, पण पंचनाम्यात मशीन माझं असेल.

दुसरी नेहमीची ऑफर, "लाकूड तुम्ही घ्या, काम फुकट करा." गुलमोहराचं लाकूड वखारीचा टालवाला उचलायलाही कुरकुरतो. सागवानाला किंमत आहे, पण ते हलवायला वन खात्याचा वाहतूक परवाना लागतो. लाकडाच्या बदल्यात चढणारा माणूस वर पाठवायचा हिशेब मला कधी जमला नाही.

विम्याचं मात्र सगळ्यांनी बघावं. कामावर माणूस जखमी झाला तर कायद्याने भरपाई मालकावर येते, आणि ती माणसाच्या वयावर आणि मजुरीवर ठरते. पॉलिसीचा हप्ताही मजुरी आणि कामाची जोखीम बघूनच. त्यामुळे बरेच ठेकेदार चढणाऱ्याला कागदावर माळी दाखवतात. हप्ता वाचतो, आणि प्रसंग आला की कंपनी विचारते, माळी पंचवीस फुटांवर काय करत होता? माझ्या कोटेशनवर आता "झाडावर चढून काम करणारा" असंच लिहिलेलं असतं. एकदोन गिऱ्हाइकं ते वाचून दचकली, पण काम दिलं.

वादळाच्या रात्रीचे फोन हा वेगळाच प्रकार. रस्त्यावर झाड आडवं असेल तर मी अग्निशमनला कळवायला सांगतो. खाजगी आवारातलं असेल तर सकाळी येतो. ओल्या खोडावर अंधारात कोणी चढणार नाही, दुप्पट दिले तरी. सकाळच्या कामाला दर नेहमीचाच, फक्त वाकून ताणलेल्या फांद्यांचे वेगळे धरतो, कारण तशी फांदी कापताना कुठे उसळेल सांगता येत नाही.

सध्या अडलंय ते दुसऱ्या चढणाऱ्यावर. दोर धरणारा पोरगा आता पंधरा फुटांपर्यंत चढतो, आणि त्याला हिस्सा हवाय. मी दहावा द्यायला तयार आहे. मामा नाही म्हणतात. चेन धड घासता येत नाही, कानशीचा कोन दर दाताला बदलतो, आणि बोथट मशीन वर नेणाऱ्याला ते हिस्सा द्यायला तयार नाहीत, माझ्या खिशातून असला तरी. दिवाळीनंतर बसू, असं ठरलंय. तोवर पोरगा 900 रोजीवर आहे आणि रोज संध्याकाळी नर्सरीच्या मागे कानस घेऊन बसतो.